लष्करातली दुनळी

सभ्य माणसाने घरात बंदूक ठेवू नये, असा एक अलिखित ठराव ग्वाल्हेरच्या आमच्या मराठी समाजाने फार पूर्वीच संमत करून ठेवला आहे. तो आता लिखित करण्याचे घाटत आहे असे कानावर आल्यामुळे हा लेखप्रपंच. ज्या संस्थेत हा ठराव येऊ घातला आहे तिचे नाव आम्ही घेत नाही. तिच्या ग्रंथालयाचे आम्ही ऋणी आहोत, आणि तिच्या गणेशोत्सवातील मोदकांचेही. मसुदा मात्र आमच्या वाचनात आला आहे. ज्या सभासदांच्या घरी अग्निशस्त्र आहे त्यांस कार्यकारिणीत घेऊ नये, एवढेच त्यात म्हटले आहे. आमचे नाव त्यात नाही. सव्वादोनशे सभासदांत असा सभासद एकच असल्यामुळे नाव घालण्याची आवश्यकता मसुदाकारांस भासली नसावी. आम्ही स्वतः गेली बारा वर्षे केंद्र सरकारच्या कचेरीत मसुदे लिहीत आलो आहोत. नाव न घेता माणूस नेमका कसा दाखवावा ही कला आम्हांस परकी नाही, आणि या मसुद्यास आम्ही शंभरांपैकी सत्तर गुण देतो.

प्रथम आरोपीची ओळख करून देणे योग्य होईल. ती एक बारा बोरची दुनळी बंदूक आहे. घडण बेल्जियमची, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, वय आमच्याहून पुष्कळ अधिक. राजापूर तालुक्यातील आमच्या गावी आजोबांनी ती १९६४ साली रीतसर परवान्यावर घेतली. त्यापूर्वी त्यांच्यापाशी ठासणीची बंदूक होती. ती दारू ठासून तयार होईपर्यंत वानरांची टोळी आमचे तीन फणस उरकून शेजारच्या वाडीत पोहोचलेली असे. रानडुकरांची गोष्ट याहून वाईट. एका रात्रीत ती नाचणीचे शेत नांगरल्यासारखे करून ठेवीत. कोकणात बंदूक ही कोयतीच्या आणि फावड्याच्या पंक्तीत बसणारी वस्तू आहे, हे ज्यांनी कोकण केवळ मे महिन्यात पाहिले आहे त्यांच्या ध्यानी येणार नाही. आजोबांनी काढलेले बार बहुतेक हवेतच असत. ते स्वतः जन्मभर शाकाहारी होते, दोन्ही वेळा संध्या करीत, आणि गावातील कोणासही त्या संध्येत व माजघरातील खुंटीवरच्या बंदुकीत विसंगती दिसली नाही. खंडेनवमीस ती खाली उतरे. विळा, कोयती, कुदळ यांच्या शेजारी पाटावर बसे. झेंडूचे फूल वाहून घेई आणि दसऱ्याचे सोने लुटून झाले की पुन्हा खुंटीवर जाई.

२०१६ साली वडील वारले आणि ती आमच्याकडे आली. 'आली' हा शब्द लिहावयास सोपा आहे. वारसाचा अर्ज, भावंडांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रे, पोलिसांची चौकशी, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, राष्ट्रीय नोंदणीतला क्रमांक. आणि त्यानंतर बदली झाली की नव्या जिल्ह्याच्या शस्त्रशाखेत पुन्हा आपली हजेरी. आमच्या विवाहाची नोंदणी एका दुपारी झाली होती. या बंदुकीशी आमचे नाते कायदेशीर व्हावयास चौदा महिने लागले. देशात असा दुसरा कोणताही गृहोपयोगी जिन्नस नसेल की ज्याच्या मालकाची सरकारला इतकी बारकाईने ओळख आहे.

हे सर्व पायपीट करून आम्ही २०१९ साली ग्वाल्हेरास बदलून आलो, आणि लष्कर भागात घर शोधू लागलो. मराठी माणसाने मराठी घरमालक पाहावा या बाळबोध कल्पनेने आम्ही मराठीच घरे पाहिली. चौथ्या घरी जमले. दोन खोल्या, स्वतंत्र नळ, खाली अंगण. बंदुकीची गोष्ट आम्ही स्वतःहून सांगितली, कारण परवान्यावर पत्ता त्यांच्या घराचा लागणार होता. घरमालक सज्जन गृहस्थ, त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला व म्हणाले, "तुम्ही तर ग्रॅज्युएट आहात!" या उद्गाराचा अर्थ आम्ही आजपर्यंत लावीत आहो. घर मिळाले, परंतु 'कोणास कळता कामा नये' या अटीवर.

ती अट २०२३ च्या ऑक्टोबरात मोडली. विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि परवानाधारकांनी शस्त्रे ठाण्यात जमा करावीत असा हुकूम निघाला. आता दुनळी ही छत्रीसारखी काखेत लपत नाही. आम्ही तिला कापडी खोळीत घालून, खांद्याला अडकवून, स्कूटरवरून भर सकाळी निघालो; आणि नळाच्या वेळेस ज्या गल्लीतून निघालो त्या गल्लीत सर्व मराठी कुटुंबे जागी होती. निवडणूक संपल्यावर बंदूक परत आणली. लगेच २०२४ च्या मार्चात लोकसभेसाठी पुन्हा नेली. अशा चार मिरवणुका झाल्यावर गुपित कसले राहणार? त्यानंतर आमच्या मेहुणीस सांगून आलेले एक चांगले स्थळ 'मुलीच्या बहिणीच्या घरचे वातावरण' या कारणाने परत गेले. मुलाचे वडील सेवानिवृत्त अधिकारी. त्यांच्या दिवाणखान्यातील भिंतीवर ढाल आणि दोन तलवारी आडव्या लावलेल्या आहेत, हे आमच्या सासूबाई स्वतः पाहून आल्या होत्या. मेहुणी आमच्याशी त्यानंतर दोन महिने बोलली नाही. आमचे कुटुंब बोलले. ते न बोलते तर बरे झाले असते.

असो. घरगुती दुःख चव्हाट्यावर मांडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या आडव्या तलवारींवर आमचे मन अडकून राहिले आहे, आणि या वादाचे खरे बीज तेथेच आहे असे आम्हांस वाटते.

वाचकहो, आपण ग्वाल्हेरचे नकाशावरील स्थान क्षणभर विसरून त्याच्या मोहल्ल्यांची नावे पाहा. आम्ही राहतो तो भाग 'लष्कर'. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या पायथ्याशी फौजेचा तळ दिला, तो तळ पुढे उठलाच नाही. त्याचेच हे शहर झाले. पलीकडे 'कंपू' आहे. महादजी शिंद्यांनी द बॉयन या सेनानीकरवी जी कवायती पायदळे उभी केली त्यांनाच कंपू म्हणत. 'शिंदे की छावणी' या नावास भाष्याची आवश्यकता नाही. म्हणजे आमच्या टपालाच्या पत्त्यात फौज आहे, आमच्या रिक्षावाल्यास आम्ही जो मुक्काम सांगतो तो छावणीचा आहे, आणि आम्ही येथे आलो तेच मुळी बंदुका आणि तोफा घेऊन. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफांनी काय केले व कशाने अखेर घात झाला यावर आमच्या मंडळात दरवर्षी जानेवारीत व्याख्यान असते. आम्ही त्या व्याख्यानास जातो. वक्ते तोफेच्या गोळ्याचे वजन सांगतात तेव्हा टाळ्या पडतात. आणि जूनमध्ये फूलबागेत झाशीच्या राणीच्या समाधीपाशी जाऊन, अश्वारूढ पुतळ्याच्या हातातील तलवारीकडे मान वर करून पाहताना आमच्या समाजातील वडीलधाऱ्यांचे डोळे पाणावलेले आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहेत. आमचेही पाणावतात.

प्रश्न एवढाच, की जी वस्तू पुतळ्याच्या हाती वंदनीय ती जिवंत माणसाच्या कपाटात निंद्य कशी?

यावर उत्तर ठरलेले आहे: तो काळ वेगळा होता. मान्य. परंतु बँकेच्या दारात जो शिपाई दुनळी घेऊन स्टुलावर बसतो तो कोणत्या काळातला आहे? भिंड-मुरैन्याकडील कितीतरी तरुण आपल्या परवान्याच्या बंदुकीनिशी शहरोशहरी अशा नोकऱ्या करतात. त्याच्या पाठीमागे जी तिजोरी आहे तीत आमच्या मसुदाकारांच्या मुदतठेवी आहेत. त्याच्या बंदुकीवर आमच्या समाजाचा आक्षेप नाही. उलट एखाद्या दिवशी तो जागेवर नसला तर व्यवस्थापकाकडे तक्रार जाते. याचा अर्थ आमचा विरोध बंदुकीस नाही. ती दुसऱ्याच्या खांद्यावर असावी, कमी शिकलेल्याच्या, कमी पगाराच्या, आणि शक्य तो बिनमराठी माणसाच्या खांद्यावर असावी, एवढीच आमची मागणी आहे. संरक्षण हवे, पण त्याचा वास आपल्या घराला नको. याला अहिंसा म्हणणे म्हणजे ज्याने आयुष्यात झाडू हाती धरला नाही त्याने स्वतःस स्वच्छ म्हणवून घेण्यासारखे आहे.

आता आमच्या बाजूचे कच्चे दुवेही सांगितले पाहिजेत. नाहीतर हा लेख वकिली होईल. चंबळच्या या मुलुखात बंदुकीचे जे स्तोम आहे त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. येथे खांद्यावरची बंदूक हा पोशाखाचा भाग आहे. कमरेला काडतुसांचा पट्टा नसेल तर लग्नाच्या वरातीत पाहुणा अपुरा वाटतो. परवान्याची ओढ इतकी, की २००८ साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्यास परवान्यात झुकते माप देण्याची योजना निघाली, आणि २०१९ साली खुद्द ग्वाल्हेरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी अर्जदाराने दहा झाडे लावून ती जगवावीत अशी अट घातली. झाडांची अट आम्हांस अत्यंत आवडली. ती मुदतठेवींनाही लावावी असे वाटते. परंतु वरातीतला गोळीबार, ज्याला इकडे 'हर्ष फायर' म्हणतात, त्यात आवडण्यासारखे काहीच नाही. या हर्षाने आजवर नवरदेव मारले आहेत, छतावरून वरात पाहणारी मुले मारली आहेत. आणि त्या बंदुका पुष्कळदा परवान्याच्याच होत्या. २०१९ च्या दुरुस्तीने अशा गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. ती थोडी आहे असे आमचे मत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणीचे अहवाल पाहिले तर देशात बंदुकीने होणारे बहुतेक खून बिनपरवान्याच्या हत्यारांनी होतात हे खरे. पण ज्या घरचा मुलगा वरातीत गेला त्या घराला ही टक्केवारी वाचून दाखविण्याचे धैर्य आम्हांस नाही.

तरीसुद्धा, या दांडग्या शौकाकडे बोट दाखवून आमचा पांढरपेशा समाज जेव्हा 'म्हणूनच आम्ही शस्त्राला शिवत नाही' असे म्हणतो तेव्हा आम्हांस हसू येते. कारण आमचे हे सोवळे फारसे जुने नाही. १८७८ साली लिटनसाहेबाने शस्त्रकायदा केला. त्यातून युरोपियनांस वगळले आणि या देशाच्या माणसाला स्वतःच्या घरातील हत्यारासाठी परवानगी मागावयास लावले. त्या अपमानाची जाणीव त्या वेळच्या सुशिक्षितांस पुरेपूर होती. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. अहिंसेचे प्रवर्तक गांधीजी. पण १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांनीही एका संपूर्ण राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राज्याच्या दुष्कृत्यांत सर्वांत काळा ठरेल, अशा आशयाचे लिहिले. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांची जी यादी केली तीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. हे सर्व लोक वरातीत बार काढणारे नव्हते.

मात्र येथे आम्ही आमच्याच पक्षाच्या उत्साही मंडळींस थांबवू इच्छितो. बंदूक हा आमचा हक्क आहे असे आम्ही म्हणत नाही. डिसेंबर १९४८ मध्ये घटनासमितीत हरी विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती मांडली होती. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. कोणीही उठून बाजारात जावे आणि हवे ते शस्त्र विकत आणावे असे झाले तर राज्य चालवायचे कसे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुरुस्ती नामंजूर झाली, आणि ती नामंजूर झाली हे योग्यच झाले. आमच्या कपाटात जी वस्तू आहे ती आम्हांस राष्ट्राने विश्वासाने, अटींवर, आणि मुदतीने दिलेली आहे. पाच वर्षांनी तो विश्वास पुन्हा तपासला जातो. आमच्या नोकरीतसुद्धा आम्हांस इतक्या वेळा कोणी तपासलेले नाही.

कर्नाटकातील कोडगू जिल्ह्याचे उदाहरण आम्ही मंडळात एकदा दिले होते. तेथील कोडवांना इंग्रजी अमलापासून बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे. ती २०१९ साली केंद्र सरकारने आणखी दहा वर्षे वाढविली व २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने उचलून धरली. घरी जन्म झाला की बार निघतो, मृत्यू झाला की बार निघतो, आणि भाताची लावणी आटोपली की कैलपोळदाच्या सणास बंदुकीची पूजा होते. फील्डमार्शल करिअप्पा याच मातीतले. हे ऐकून एक सभासद म्हणाले, "ते लढवय्ये लोक. आपले तसे नाही." लष्कर भागात, पानिपताच्या व्याख्यानानंतरच्या चहाच्या वेळी, हे वाक्य उच्चारले गेले; आणि त्यात काही विपरीत आहे असे कोणास वाटले नाही.

इतके लिहून आम्ही लेखणी खाली ठेविली असती तर हा लेख आमच्या मनासारखा झाला असता. परंतु मध्यंतरी नानांची भेट झाली, आणि आमच्या युक्तिवादाचा बराचसा भाग आम्हांसच सैल वाटू लागला.

नाना हे आमच्या समाजातील सर्वांत वृद्ध गृहस्थांपैकी एक. वय पंच्याऐंशीच्या घरात. ठरावास त्यांचा पाठिंबा आहे असे कळल्यावरून आम्ही त्यांच्याकडे, खरे सांगावयाचे तर, भांडावयास गेलो होतो. ढोंगीपणावर आमचे व्याख्यान त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतले. मग म्हणाले, "बाबा रे, तू कोकणातला. तुला ठाऊक नाही. गांधीजींवर ज्या पिस्तुलाने गोळ्या झाडल्या ते कोठून गेले होते?"

आम्हांस ठाऊक होते. नथुराम गोडसे आणि नारायण आपटे जानेवारी १९४८ च्या अखेरच्या आठवड्यात ग्वाल्हेरास आले होते, आणि ते पिस्तूल येथून मिळाले होते, हे खटल्याच्या कागदांत आहे. पण ठाऊक असणे निराळे आणि लष्करात राहून ते आठ वर्षांच्या मुलाने अनुभवणे निराळे. नाना सांगू लागले. ३० जानेवारीनंतर गल्लीतील दारे दिवसासुद्धा बंद असत. मराठी आडनावाच्या घरांकडे लोक निराळ्या नजरेने पाहू लागले. तिकडे साताऱ्या-सांगलीकडून नातेवाइकांची घरे जाळल्याची पत्रे येत होती. नानांच्या घरी एक तलवार होती. दौलतरावांच्या फौजेबरोबर जो पूर्वज येथे आला त्याची. खंडेनवमीस तीच पाटावर असे. एका रात्री वडिलांनी ती धोतरात गुंडाळली, मागच्या आडावर नेली आणि आत सोडली. "पाण्यात पडल्याचा आवाज मी ऐकला," नाना म्हणाले. "दुसऱ्या वर्षीपासून आमच्या पाटावर पाटी आणि दौत आली. कोणी विचारले नाही, कोणी सांगितले नाही. आता तू आम्हांला ढोंगी म्हण."

आम्ही म्हटले नाही. तो अलिखित ठराव केव्हा आणि कोठे संमत झाला होता ते आम्हांस त्या दिवशी कळले. आम्ही ज्याला पांढरपेशा नखरा समजत होतो तो निदान एका घरात तरी नखरा नव्हता. ती भीती होती, आणि तिच्या खाली लाज होती, आणि ती दोन पिढ्यांनी सभ्यतेच्या नावाने जपली. आमच्या समाजातल्या एका माणसाच्या हातून जे घडले त्याचे प्रायश्चित्त म्हणून कोणी शस्त्राला पाठ फिरविली असेल, तर त्याच्यापुढे आम्ही नम्र आहोत. भिंतीवर तलवारी लावून आमच्या मेहुणीस नाकारणाऱ्यांपुढे नाही.

परंतु नम्र होऊनही एक गोष्ट राहतेच, आणि ती आम्ही नानांसही सांगितली. ते पिस्तूल कोणाच्या परवान्यावर नव्हते. ते गल्लीतून कापडी खोळीत घालून, सर्वांच्या देखत, ठाण्यात जमा करावयास नेलेले नव्हते. ते हस्ते-परहस्ते, अंधारात, न बोलता गेले. आणि ज्यांना थोडेफार ठाऊक असेल त्यांनीही सभ्यपणे मौन पाळले असेल. आमच्या समाजास भिण्यासारखे काही असेल तर ते मौन आहे. मंडळाचा ठराव नेमके तेच मौन परत आणणार आहे. उद्या कार्यकारिणीत जावयाचे म्हणून कोणी आपल्या घरची गोष्ट दडवून ठेवील. आमच्या घरमालकांनी पहिल्याच दिवशी हाच मार्ग सुचविला होता. नानांनी यावर उत्तर दिले नाही. ते पटले म्हणून की थकले म्हणून, ते आम्ही सांगू शकत नाही.

या सर्व प्रकरणात शहाणपणाचा प्रश्न आम्हांस एकाच व्यक्तीने विचारला, आणि ती कार्यकारिणीत नाही. शेजारच्या वहिनींचा मुलगा आमच्या कन्येबरोबर आमच्याकडे खेळावयास येतो. तिसऱ्या मिरवणुकीनंतर त्या एका संध्याकाळी दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, रागावू नका. बंदूक असते कुठे, आणि काडतुसे कुठे? ते कळले की मी त्याला पाठवीन." त्यांनी आम्हांस हिंसक म्हटले नाही, पदवीची आठवण दिली नाही, इतिहास सांगितला नाही. आम्ही उत्तर द्यावयास गेलो आणि अडखळलो. बंदूक त्या वेळी कपाटावर, खोळीत होती. काडतुसे त्याच कपाटाच्या खणात, आणि खणाची किल्ली, लिहावयास लाज वाटते, देवघरातील उदबत्तीच्या पेटीत, जी आमच्या सहा वर्षांच्या कन्येस ठाऊक होती. सरकारचे चौदा महिने, दोन पोलीस चौकश्या आणि एक प्रशिक्षण यांतून जे सुटले होते ते वहिनींच्या एका वाक्याने पकडले. त्याच आठवड्यात आम्ही भिंतीला बोल्ट मारून बसवलेली लोखंडी पेटी करून घेतली. काडतुसे दुसऱ्या खोलीत, निराळ्या कुलपात गेली; दोन्ही किल्ल्या आमच्या जानव्याला आल्या. वहिनींनी येऊन पाहिले. मुलगा येतो.

मंडळास ठरावच करावयाचा असेल तर तो वहिनींकडून लिहून घ्यावा, अशी आमची सूचना आहे. शस्त्र बाळगणाऱ्या सभासदाने ते कोठे व कसे ठेविले आहे हे विचारणाऱ्यास दाखवावे, एवढाच तो असेल. आणि त्याला आमचे अनुमोदन राहील.

मग ठेवता तरी कशाला, असे आमचे कुटुंब विचारते. हा प्रश्न मंडळातल्यांहून कठीण आहे. ग्वाल्हेरात वानरे आहेत, पण ती आमच्या फणसावर बसत नाहीत. गावच्या बागेत चुलते एकटे आहेत, आणि रानडुकराला हात लावावयास आता १९७२ चा वन्यजीव कायदा आडवा आहे. वनखात्याची परवानगी काढीपर्यंत पीक गेलेले असते. चोराचे भय म्हणावे तर आमच्याकडे चोराने न्यावे असे ही बंदूकच काय ती आहे. विकावी, तर गिऱ्हाईक तेच वरातवाले. सरकारजमा करावी, तर ठाण्याच्या मालखान्यात चिठ्ठ्या बांधून गंजत उभ्या असलेल्या दुनळ्या आम्ही चार वेळा पाहिल्या आहेत. काहींच्या दस्त्यांना वाळवी लागली होती, आणि एकीवर कोणाच्या तरी आजोबांची आद्याक्षरे कोरलेली होती. दर पावसाळ्यानंतर नळीत तेलाचे फडके फिरवताना आजोबांचा खांदा कोठे टेकत असे तो दस्त्यावरचा गुळगुळीत भाग आमच्या हाताला लागतो. हे कारण कोणत्याही अर्जाच्या रकान्यात बसणार नाही, हे आम्हांस मान्य आहे. वडिलांनी ती विहिरीत टाकली नाही आणि आम्हीही टाकणार नाही.

ठराव कोजागरीनंतरच्या सभेत येईल असे समजते. त्यापूर्वी खंडेनवमी आहे. त्या दिवशी सकाळी आठ वाजता आमच्याकडे पूजा आहे. विळी, कोयती, कन्येची पाटी, आमची लेखणी, आणि दुनळी, दोन्ही नळ्या उघडून रिकाम्या दाखवलेली. काडतुसे नेहमीप्रमाणे दुसऱ्या खोलीत कुलपात असतील. मसुदाकारांस निमंत्रण धाडले आहे. नाना येणार असे त्यांच्या सुनेने कळविले आहे. त्यांस जिना चढवत नाही, म्हणून पाट खाली अंगणात मांडावा असा विचार आहे. त्यासाठी घरमालकांची परवानगी मागितली आहे, आणि उत्तर अजून आलेले नाही.